मोहीम कोणत्या राज्यात न्यावी? : मराठी अद्भुत कादंबरी, भूमिकाखेळ आणि कथाविश्वाची निवड

१. प्रश्नाचे स्थान

दक्षिण-पश्चिम दिल्लीतील रामकृष्णपुरम, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविण्यात आलेली वसाहत आहे. तिच्या भागांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. बदलीच्या नोकरीमुळे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहत आली. तमिळ भाविकांनी टेकडीवर उभारलेले मलई मंदिर आणि मल्याळी भाविकांचे अय्यप्पा मंदिर ही त्या सहवासाची दृश्य चिन्हे होत. याच वसाहतीतील वेस्ट ब्लॉकमध्ये, १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे काम अनेक दशके चालले. शक्यतो सर्व भारतीय भाषांना स्वीकारता येईल अशी परिभाषा घडवावी आणि त्यासाठी प्रामुख्याने संस्कृत धातूंचा आधार घ्यावा, हे त्या कामाचे एक सूत्र होते. जी भाषा आज कोणाच्याच घरची नाही ती सर्वांना सारख्याच अंतरावर असते, ही अपेक्षा या सूत्रामागे दिसते.

अशा वसाहतीतील एका टेबलाची कल्पना करून पाहावी. भोवती चार-पाच तरुण मंडळी बसली आहेत. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची तमिळ, तिसरीची बंगाली. त्यांना भूमिकाखेळाची एक दीर्घ मोहीम सुरू करायची आहे. फासे आहेत, नियमांची पुस्तके आहेत, वेळही आहे. अडले आहे ते एकाच प्रश्नावर : मोहीम कोणत्या जगात न्यावी? महाभारताच्या, की इंग्रजी पुस्तकातील बुटके आणि ड्रॅगन असलेल्या? की खिडकीतून दिसणाऱ्या?

वरवर पाहता हा करमणुकीचा प्रश्न आहे. परंतु मराठी गद्यकथेला तिच्या आरंभकाळातच तो पडला होता आणि तिने त्याची एकाहून अधिक उत्तरे दिली होती. ती उत्तरे आजच्या खेळाशेजारी ठेवून पाहिली असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. अद्भुत विश्वाची निवड ही अपरिपक्वतेची खूण नसून विचारपूर्वक केलेली निवड असते. आणि सर्वांना समान वाटणारे तटस्थ विश्व प्रत्यक्षात तटस्थ नसते.

२. खेळाचे स्वरूप आणि त्यातील विश्वे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची रचना बुद्धिबळ किंवा सोंगट्यांच्या खेळाहून वेगळी आहे. पटावर सोंगट्या हलल्याच पाहिजेत असे नाही. खेळ मुख्यतः बोलण्यात चालतो. एक खेळाडू सूत्रधार होतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो, इतर खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करतात ते सांगतात आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फासा निर्णय देतो. एकच कथा महिनोन् महिने चालली की तिला मोहीम म्हणतात. श्रोता आणि कर्ता एकच असणारा हा कथाप्रकार आहे. त्यामुळे कादंबरीत जे काम लेखक एकटा करू शकतो ते येथे सामुदायिक होते : गावाबाहेरच्या वाटेवर काय असू शकेल, राजाला काय म्हणून हाक मारायची, कोणता गुन्हा अक्षम्य मानायचा, याचे किमान समान ज्ञान साऱ्या मंडळींपाशी असावे लागते. कथाविश्वाची निवड म्हणजे या समान ज्ञानाची निवड होय.

खेळाच्या पहिल्या पन्नास वर्षांत या निवडीची निरनिराळी रूपे दिसतात. गायगॅक्स यांचे 'ग्रेहॉक' आणि आर्नेसन यांचे 'ब्लॅकमूर' ही मध्ययुगीन युरोपाच्या सैल आठवणीवर उभी राहिलेली विश्वे होती. एड ग्रीनवुड यांचे 'फरगॉटन रेल्म्स' १९८७ साली याच परंपरेत प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेकांच्या लेखी तेच खेळाचे स्वाभाविक घर ठरले. दुसरा मार्ग पुराणकथांचा. १९७६ आणि १९८० सालच्या नियमपुस्तकांत ग्रीक, नॉर्स आणि इजिप्शियन दैवतांच्या बरोबरीने भारतीय दैवतांनाही आकडे देण्यात आले. इंद्राला किती घाव सोसतील हे तक्त्यात छापले गेले. नॉर्स दैवतांच्या बाबतीत हा निरुपद्रवी खेळ असेलही. परंतु ज्या टेबलावरील एखाद्याच्या घरी सकाळी त्याच देवतेची पूजा झाली असेल, तेथे तो तक्ता निव्वळ कल्पनेचा राहत नाही.

तिसरे उदाहरण तौलनिक अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटावे. १९७५ साली 'टेकुमेल' हे विश्व प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे भाषाशास्त्रज्ञ आणि दक्षिण आशियाई विद्यांचे प्राध्यापक. उर्दू आणि बलुची भाषांची पाठ्यपुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९५१ च्या सुमारास ते अभ्यासवृत्तीवर भारतात आले होते. युरोपीय मध्ययुगाऐवजी भारत, इजिप्त आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींतून त्यांनी आपल्या विश्वाची भाषा, लिपी, कुळे आणि देवस्थाने घडविली. युरोपकेंद्री कल्पनेला दिलेला पर्याय म्हणून त्याचा दीर्घकाळ गौरव झाला. २०२२ साली मात्र, १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली नाझीवादाचा पुरस्कार करणारी एक कादंबरी बार्कर यांचीच होती, हे त्यांच्या विश्वाचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने मान्य केले. परक्या संस्कृतींचे सखोल ज्ञान आणि त्या संस्कृतींतील माणसांविषयीची न्यायबुद्धी या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही, हे या प्रकरणावरून दिसते. विश्व कोठून आले याइतकेच ते कोणत्या दृष्टीने रचले गेले हेही विचारावे लागते.

३. १८६० चे दशक : अद्भुताची निवड

मराठीतील कादंबरीचा इतिहास सांगताना एक चढता क्रम गृहीत धरण्याची प्रथा आहे : आधी अद्भुतरम्य, मग ऐतिहासिक, मग सामाजिक आणि वास्तववादी. सनावळी या क्रमाला पूर्ण दुजोरा देत नाही. विधवांच्या दुःस्थितीचे प्रत्यक्ष चित्र रेखाटणारे बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. म्हणजे भोवतालच्या घरांत शिरून लिहिता येते हे मराठी गद्याने दाखवून दिल्यानंतर अद्भुत कादंबरी बहरली. तिच्या लेखकांना दुसरा रस्ता अगदीच ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही.

रिसबुडांनी तर आपल्या निवडीचे कारण प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्या समाजातील विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदू माणसाच्या नित्य आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे गुण वा दोष आढळत नाहीत, रोज अनुभवास येणारे तेवढेच लिहिले तर पुस्तक रंजक होणार नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. या विधानाकडे पुष्कळदा एक कबुली म्हणून पाहिले गेले. कथाविश्वाच्या निवडीच्या दृष्टीने ते वाचले तर त्यात एक अचूक निदान आढळते. ज्या समाजात मुलामुलींची लग्ने कळत्या वयाच्या आधीच होतात आणि पुढची वाट जातीने व कुळाने आखून दिलेली असते, तेथे पात्राला निवड करण्याचे प्रसंगच थोडे येतात. आणि निवड नसेल तर कथानक पुढे सरकत नाही. प्रौढ नायिका, तिचा स्वतःचा अनुराग, अरण्यातील भेट, वियोग आणि पुनर्मीलन हे सारे शक्य व्हावे यासाठी रिसबुडांना दुसरे राज्य हवे होते. त्या राज्यात पात्रांना मोकळीक होती.

टेबलावरील सूत्रधाराची अडचण नेमकी हीच असते. खेळाडूने 'मी आता काय करू शकतो?' असे विचारल्यावर उत्तरात अनेक वाटा निघाल्या नाहीत, तर खेळ थांबतो. कार्यालय, रेशनकार्ड आणि बदलीचा हुकूम यांच्या जगात त्या निघत नाहीत असे सूत्रधाराला वाटते आणि तो ड्रॅगनकडे वळतो. रिसबूड आणि तो यांच्यात शतकाहून अधिक अंतर असले तरी युक्तिवाद एकच आहे.

या युक्तिवादावर तत्कालीन आक्षेपही होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालच्या आपल्या निबंधात नावल आणि नाटक यांची चिकित्सा केली, पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या कोटींचा विस्ताराने विचार केला. 'कादंबरी' हे नावही येथे ध्यानात घ्यावे लागते. इंग्रजीत या प्रकाराचे नाव नवेपणावरून पडले. मराठीने ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातील गद्यकाव्यावरून आणि त्यातील गंधर्वकन्येवरून घेतले. म्हणजे मराठीत या प्रकाराचे नावच एका अद्भुत विश्वातून आलेले आहे. टॉल्किन यांनी १९३९ सालच्या परीकथांवरील व्याख्यानात कथाकाराने निर्मिलेल्या, अंतर्गत सुसंगती असलेल्या दुय्यम विश्वाची संकल्पना मांडली. ती मराठी अद्भुत कादंबरीला लावताना हे विसरता कामा नये की मराठी वाचकाला असे विश्व नव्याने शोधावे लागले नव्हते. संस्कृत कथा, पुराणे, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले अरबी कथांचे भाषांतर यांतून ते त्याच्या ओळखीचे झाले होते.

४. तटस्थतेचा आभास

हळबे-रिसबुडांच्या राज्यांचे एक लक्षण असे की ती कोणत्याही विशिष्ट मराठी मुलखाची नाहीत. पात्रांची नावे संस्कृत, वर्णने संस्कृत काव्याच्या वळणाची. कोकणातला वाचक असो वा वऱ्हाडातला, राज्य दोघांनाही सारखेच परके आणि सारखेच परिचित. शब्दावली आयोगाच्या परिभाषेसारखीच ही योजना आहे : जे कोणाच्याच अंगणातले नाही ते सर्वांचे.

परंतु समान अंतर ही अपेक्षा होती, वस्तुस्थिती नव्हे. संस्कृत वळणाचे राज्य सर्वांना सारखे परिचित असायला सर्वांच्या कानांवर पुराण आणि काव्य सारखेच पडलेले असावे लागते. ज्या जातींना ते ऐकण्याचा किंवा वाचण्याचा अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या दृष्टीने हे राज्य शेजारच्या वाड्याइतकेच परके होते. शिवाय त्या राज्यात राजपुत्राचे पद कोणाला मिळते आणि दासाचे कोणाला, हेही आधीच ठरलेले असते. नायक-नायिकेला जी मोकळीक मिळाली ती दासीला मिळाली नाही.

आजच्या टेबलावर संस्कृत राज्याची जागा बहुधा इंग्रजी राज्याने घेतलेली असते. मराठी, तमिळ आणि बंगाली खेळाडूंना एकत्र आणणारे विश्व म्हणून ड्रॅगनचे जग सोयीचे वाटते, कारण त्यात कोणाच्याही घरचे दैवत दुखावत नाही आणि कोणाची भाषा वरचढ होत नाही. हा लाभ खरा आहे. बहुभाषिक वसाहतीत तो लहान मानता येणार नाही. तरीही ते विश्व तटस्थ नाही. ज्याने इंग्रजी शाळेत टॉल्किन वाचला त्याला तेथील सराई, सरदार आणि मठ सहज दिसतात. ज्याने वाचला नाही तो पावलोपावली विचारत राहतो. खेळातील प्रभुत्व मग कल्पनाशक्तीपेक्षा शालेय शिक्षणावर ठरू लागते. वंशांची उतरंडही त्या विश्वात मुरलेली असते : अमुक वंश जन्मतः दुष्ट, तमुक जन्मतः उदात्त. जातिव्यवस्थेच्या देशातील खेळाडू ही वाटणी विनातक्रार स्वीकारतो तेव्हा ती त्याला परकी वाटत नसेल, अशी शंका घेण्यास जागा आहे. या खेळाच्या प्रकाशकांनीही अलीकडच्या वर्षांत जन्मजात दुष्टतेची ही कल्पना सैल करण्यास आरंभ केला आहे.

५. मोचनगडाचा मार्ग

याच दशकात मराठीने एक तिसरे उत्तर दिले. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झाले आणि त्यात रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १८७१ साली ती पूर्ण झाली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिची खरी कल्पकता मात्र स्थलयोजनेत आहे. काळ शिवाजी महाराजांचा, मुलूख वाचकाच्या पायाखालचा. पण मोचनगड हा किल्ला कल्पित. भोवतीचे सारे ओळखीचे असताना एकच जागा मोकळी ठेवलेली आहे. तिचा इतिहास कोणी लिहिलेला नसल्यामुळे तेथे काय घडले हे लेखक ठरवू शकतो. आणि ती ओळखीच्या मुलखात असल्यामुळे घडलेल्या गोष्टीला वजन येते. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात तेव्हा तीही बहुधा हेच करीत असतात : सिंहासनावरील मूर्ती ओळखीची, तटबंदीचा आराखडा मात्र मनाचा.

शेजारच्या भाषांतही ही युक्ती आढळते. अमीर हमझाच्या दास्तानमधील तिलिस्म हे जादूने रचलेले विश्व असते. त्याला सीमा असतात, नियम असतात आणि त्याचा भेद करणारा वीरही आधीच नेमलेला असतो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या दास्तानचे शेकडो पानांचे खंड काढले. दिल्लीत मीर बाकर अली हे अखेरचे नामवंत दास्तानगो १९२८ साली निवर्तले आणि समोरच्या श्रोत्यांचा कल पाहून कथा लांबविण्याची ती कला जवळजवळ थांबली; २००५ साली दिल्लीतच महमूद फारूकी यांनी, शम्सुर रहमान फारूकी यांच्या मार्गदर्शनाने, तिचे पुनरुज्जीवन केले. देवकीनंदन खत्री यांनी १८८८ सालच्या 'चंद्रकांता'त हा तिलिस्म उचलून चुनार, विजयगड, नौगड या नकाशावरील नावांत आणून ठेवला. हा हिंदीतील मोचनगडच होय.

भूमिकाखेळाच्या प्रकाशकांना हा मार्ग उशिरा सापडला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात मिमी मंडल या मूळच्या कोलकात्याच्या लेखिकेने शंखभूमी नावाचा मुलूख रचला आहे. नाव कल्पित, नद्या, दलदल आणि अरण्ये बंगालच्या ओळखीची. देवतांना आकडे देण्याऐवजी येथे भूमीच्या स्मृतीवर कथा उभी राहते.

मोचनगडाचा मार्ग निर्धोक आहे असे मात्र नव्हे. गुंजीकरांनी मोकळी ठेवलेली जागा पुढील ऐतिहासिक कादंबरीत हळूहळू भरत गेली. शिवकाल हा आदराचा आणि अस्मितेचा विषय झाल्यावर त्यातील पात्रांनी काय करावे हे वाचकच आधी ठरवू लागला. ज्या विश्वात नायक चुकू शकत नाही, त्यात फासा टाकण्यास अर्थ उरत नाही. आणि ज्यांच्या पूर्वजांना त्या इतिहासात शत्रू म्हणूनच जागा आहे, त्यांना टेबलावर कोणते पात्र द्यावे हा प्रश्न सुटत नाही. महाभारताचीही हीच अडचण. ते सर्वांना ठाऊक आहे. पण कुरुक्षेत्राचा निकालही सर्वांना ठाऊक आहे.

६. खिडकीतून दिसणारे राज्य

यासाठी पुन्हा आर. के. पुरमच्या टेबलाकडे यावे लागते. या वसाहतीत सरकारी क्वार्टरांच्या रांगांमध्ये लोदीकालीन इमारती उभ्या आहेत. सेक्टर तीनमध्ये बिजरी खानाचा मकबरा आहे. सेक्टर पाचमध्ये वजीरपूरचा गुंबद म्हणून ओळखला जाणारा कबरींचा समूह आहे आणि त्याला जोडून बावडीही आहे. वसाहतीच्या परिसरात महंमदपूर हे जुने गाव टिकून आहे. बिजरी खान कोण होता, वजीरपूरचा वजीर कोणता, याची खात्रीलायक माहिती लोकस्मृतीत उरलेली नाही. घुमट शिल्लक आहेत, कथा नाहीशा झाल्या आहेत. गुंजीकरांना जी मोकळी जागा कल्पनेने निर्माण करावी लागली ती येथे काळाने करून ठेवली आहे.

या जागेचे विशेष असे की तिच्यावर टेबलावरील कोणाचाच वडिलोपार्जित हक्क नाही आणि तरीही ती प्रत्येकाच्या शाळेच्या वाटेवर आहे. मराठी, तमिळ आणि बंगाली खेळाडू तिच्यापासून खरोखरच सारख्या अंतरावर आहेत, कारण हे अंतर पुस्तकी शिक्षणाने ठरत नाही. ते पायी मोजता येते. येथे सूत्रधाराला पंधराव्या शतकातील दिल्लीचे थोडे ज्ञान मिळवावे लागेल, बावडीत पाणी कोठून येत होते हे विचारावे लागेल, आणि घुमटाखाली निजलेल्यांना निव्वळ भूत करून टाकण्याचा मोह आवरावा लागेल. ज्यांचा धर्म आजही शेजारी जिवंत आहे त्यांच्या कबरींशी खेळताना १९८० च्या तक्त्याचा धडा विसरून चालणार नाही. महंमदपूरच्या मूळ रहिवाशांचे काय झाले, वसाहतीसाठी जमीन कोणाची गेली, हे प्रश्नही त्या मोहिमेत आज ना उद्या डोकावतील. अद्भुताने वास्तवाला टाळले, हा जुना आक्षेप अशा ठिकाणी लागू पडत नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाने या निवडीकडे आशयाच्या आधीची गोष्ट म्हणून पाहणे उपयुक्त ठरेल. 'मंजुघोषा' वास्तवाला का मुकली, असे विचारण्याऐवजी तिच्या राज्यात कोणाला काय करता येत होते आणि कोणाला येत नव्हते, असे विचारता येईल. 'मोचनगड' ऐतिहासिक दृष्ट्या किती खरी, यापेक्षा तिने ओळखीच्या मुलखात मोकळी ठेवलेली जागा केवढी होती, हे पाहता येईल. टेबलाभोवतीची मंडळी पहिला फासा टाकण्यापूर्वी हेच दोन प्रश्न, बहुधा नकळत, एकमेकांना विचारत असतात. रिसबुडांनी ते प्रस्तावनेत मांडले होते. म्हणूनच मराठी अद्भुत कादंबरीचे वाचन आता कथानकाबरोबरच तिच्या प्रस्तावनांपासून नव्याने सुरू करावे लागेल.